जपानी अक्षरओळख: मुळाक्षरांच्या वाटेनं

जपानी शिकायला कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी वही उघडू देत नाही. आधी मुळाक्षरं म्हणायला सांगते. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. पन्नाशीचे गृहस्थसुद्धा जरा लाजत सुरुवात करतात आणि प फ ब भ म पर्यंत आले की आवाज मोकळा होतो. मग मी जपानी तक्त्यातल्या ओळींची पहिली अक्षरं क्रमानं म्हणते: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत समोरून कुणीतरी बोलतंच, "अहो मॅडम, हे तर आपल्यासारखंच आहे!"

आहेच. हा क्रम भारतातून गेलेला आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र चीनमार्गे जपानात पोचले. ते शुद्ध म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम् लिपी आणि तिची वर्णमाला शिकत. कूकाई हे त्यांतलं मोठं नाव. ते ८०४ साली चीनला गेले, ८०६ साली परतले आणि त्यांनी शिंगोन पंथ स्थापला. या विद्येला जपानीत आजही 'शित्तान' म्हणतात, म्हणजे सिद्धम्. तिथल्या स्मशानात थडग्यामागे लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या असतात आणि त्यांवर अजूनही सिद्धम् अक्षरं लिहितात. त्या पट्टीचं नाव 'सोतोबा', म्हणजे आपला स्तूप. कंठापासून ओठांपर्यंत येणारी वर्णांची मांडणी भिक्षूंनी आपल्या भाषेतल्या अक्षरांना लावली आणि तोच क्रम आज तिथल्या शब्दकोशात, शाळेच्या हजेरीपटात आणि फोनच्या कीबोर्डवर आहे.

म्हणून माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. मराठी माणसानं जपानी अक्षरं रोमन लिपीतून शिकू नयेत. मी ज्या वर्गात शिकले तिथे पहिले दोन महिने फळ्यावर सगळं रोमनमध्येच लिहीत. मी भराभर वाक्यं वाचायला लागले आणि मला जपानी येतंय असं वाटू लागलं. मग एकदा हातात लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आलं आणि पहिल्या पानावरच्या आठ अक्षरांतली तीनसुद्धा ओळखता आली नाहीत. शिवाय रोमनमधून वाचलं की उच्चार इंग्रजीच्या अंगानं जातो. आपण टोयोटा, होंडा, कराटे म्हणतो ते त्यामुळेच. जपानीत ट आणि ड नाहीत. ते तो-यो-ता, हों-दा, का-रा-ते असं आहे, आपल्या दातांवरच्या त-द सारखं. तोंड आपलं तयार आहे, मध्ये इंग्रजी घालायची गरज नाही.

तयारी

जपानी लिहिताना तीन प्रकारची अक्षरं एकाच वाक्यात येतात. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारांच्या लिप्या, प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरं. तिसरी कांजी, म्हणजे चिनी अक्षरं. त्यांत प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. नवशिक्यानं आधी हिरागाना, मग काताकाना आणि त्यानंतर कांजी असा क्रम ठेवावा. रोज अर्धा तास दिला तर पहिल्या दोन लिप्यांना प्रत्येकी दोन आठवडे पुरतात. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी बरा.

साहित्य थोडंच लागतं: गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि 'गोजूऑन' नावाचा पन्नास ध्वनींचा तक्ता. तक्ता कागदावर छापून घ्या. तो छापताना अक्षरांचं वळण 'क्योकाशोताई' आहे ना, ते बघा. हे जपानी शाळेच्या पाठ्यपुस्तकांचं वळण, हातानं लिहितात त्याच्या सर्वांत जवळचं. नाहीतर 'कि' आणि 'सा' या अक्षरांत हमखास गोंधळ होतो. छापील वळणात त्यांची खालची वाटी वरच्या रेघेला जोडलेली दिसते, हातानं लिहिताना ती सुटी असते. एकच अक्षर दोन रूपांत पाहून मुलं विचारतात, "हे वेगळं आहे का?" वेगळं नाही, फक्त वळण वेगळं.

या लेखात मी अक्षरांचे आकार शब्दांत सांगते आहे. प्रत्येक अक्षर तुम्ही तक्त्यावर बोट ठेवून शोधा आणि वहीत काढा. स्वतः शोधलेलं अक्षर जास्त टिकतं.

तक्ता वाचायचा कसा

प्रत्येक ओळीत पाच घरं (या आणि वा च्या ओळींत काही रिकामी): आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. अगदी बाराखडी, फक्त पाचच खडींची. बाराखडीशी एक मोठा फरक मात्र पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा. आपल्याकडे 'क' ला काना, वेलांटी, उकार लावले की का, कि, कु होतं आणि मूळचा क दिसत राहतो. जपानीत तसं नाही. का, कि, कु यांच्या आकारांचा एकमेकांशी काही संबंध नाही, प्रत्येक अक्षर स्वतंत्र पाठ करावं लागतं. अर्धा क लिहायची सोयही नाही.

दुसरा फरक उच्चाराचा. त्यांचा 'का' आपल्या 'काका'तला नाही, तोंड तसंच उघडायचं पण झटकन सोडायचं. आपल्या 'क' मधला अ जपानीत नाहीच. म्हणून देवनागरीत टिपण करताना 'क' लिहू नका, 'का' लिहा आणि ऱ्हस्व म्हणा. दीर्घ आला तर 'का-आ' असं तोडून लिहा. तिसऱ्या आठवड्यापासून ही देवनागरी टिपणंही बंद करा. ती कुबडी आहे, पाय बरा झाला की ठेवून द्यायची.

आता ओळींचा क्रम आपल्या वर्गांशी ताडून बघा. का म्हणजे क वर्ग. पुढची सा ची ओळ च वर्गाच्या जागी बसली आहे. ट वर्ग जपानीत नाही. ता आणि ना हे त वर्गाचे पहिला आणि शेवटचा. मग हा आणि मा. इथे मुलं अडखळतात, की प वर्गाच्या जागी ह कसा आला? कारण प्राचीन जपानीत ही ओळ 'पा' होती. पुढे तिचा 'फ' सारखा उच्चार झाला आणि नंतर 'ह'. पोर्तुगीज मिशनऱ्यांनी १६०३ साली नागासाकीत जपानी शब्दकोश छापला, त्यात ही ओळ अजून 'फ'नंच लिहिलेली आहे. शेवटी या, रा, वा. आपला य र ल व, त्यातला ल वगळून.

रोज एक ओळ

पहिल्या दिवशी आ ची ओळ, दुसऱ्या दिवशी का ची, असं चला. प्रत्येक अक्षर चौकटीत दहा वेळा काढा आणि काढताना मोठ्यानं म्हणा. रेघांचा क्रम सोडू नका: वरून खाली, डावीकडून उजवीकडे. रेघ कुठे थांबते, कुठे आकडा घेते, कुठे फराटा होऊन सुटते, ते नीट पाहा. क्रम पाळला तर पुढे घाईत लिहिलेलं दुसऱ्याचं अक्षरही वाचता येतं, कारण हात कुठून कुठे गेला असेल ते कळतं.

दोन ओळी झाल्या की लगेच शब्द वाचायला घ्या, पूर्ण तक्त्यासाठी थांबू नका. आ आणि का एवढ्यावर 'आओ' म्हणजे निळा, 'इए' घर, 'काओ' चेहरा, 'एकि' स्टेशन, 'आकि' शरद ऋतू. सा ची ओळ आली की 'आसा' सकाळ, 'कासा' छत्री, 'इसु' खुर्ची, 'शिओ' मीठ आणि अर्थात 'सुशि'. ता आल्यावर 'चिकातेत्सु' वाचा, भुयारी रेल्वे. चार अक्षरांचा शब्द सलग वाचला की अंगात बळ येतं.

सा आणि ता या ओळींत तक्ता जरा वाकडा चालतो. सा, शि, सु, से, सो. 'सि' नाही, 'शि'. ता, चि, त्सु, ते, तो. इंग्रजीतून शिकणारे इथे अपवाद म्हणून घोकतात. आपल्याला घोकायचं कारण नाही, हे आपण रोज करतो. पैसा, पण पैशाचा. घसा, पण घशात. म्हैस, पण म्हशी. इ किंवा य शेजारी आला की आपला स आपोआप श होतो. च चंही तसंच. 'आमचा' म्हणा, मग 'आमची' म्हणा, जीभ कुठे लागते ते बघा. आमचा मधला च दातांवर, आमची मधला टाळूवर. जपानी 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला चू, आणि 'चि' म्हणजे 'चिमणी'मधला चि. वर्तमानपत्रात त्सुनामी असं जोडाक्षर छापतात म्हणून लोक तोंड वाकडं करून म्हणतात. चुलीतला च वापरा, संपलं.

'फु' साठी मात्र थोडा सराव लागतो. दात ओठाला लावायचे नाहीत. निरांजन विझवताना हलकी फुंकर घालतो तसे ओठ ठेवायचे. आणि 'रा' ची ओळ ही र आणि ल यांच्या मधली आहे, जिभेचं टोक एकदाच अलगद आपटायचं.

आकारांसाठी काही खुणा सांगते, बाकीच्या तुमच्या तुम्ही शोधा. 'शि' म्हणजे माशाचा गळ, वरून सरळ खाली आणि टोकाला उजवीकडे वर वळलेला. 'कु' म्हणजे डावीकडे टोक असलेली चोच. 'हे' म्हणजे घराचं उतरतं छप्पर. 'रो' बघून आपला ३ आठवतो, आणि त्याच 'रो'च्या शेपटीला गाठ मारली की 'रु'. ही गाठ महत्त्वाची आहे. 'मे' आणि 'नु' सारखेच, गाठ असेल तो 'नु'. 'ने', 'रे' आणि 'वा' तिघांची डावी बाजू एकच आहे. शेवटी गाठ असेल तो 'ने', शेपूट बाहेर उडालं तर 'रे', आत वळलं तर 'वा'. ही तीन अक्षरं माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं चुकवली आहेत. त्यांना एका पानावर शेजारी शेजारी काढा, वेगवेगळ्या दिवशी नको.

तक्त्याच्या शेवटी एकटं उभं असलेलं अक्षर आहे 'न्'. हा आपला अनुस्वार. पुढच्या अक्षराप्रमाणे आंबा, आनंद, गंगा यांत अनुस्वार कसा बदलतो? तसाच तो बदलतो. तेंपुरा मध्ये म्, होंदा मध्ये न्, गेंकि मध्ये ङ्. लिहायचं अक्षर एकच. याच्यासाठी वेगळा नियम पाठ करणारा मराठी विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

दोन रेघा आणि एक गोल

अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक तिरक्या रेघा दिल्या की का चा गा होतो, ता चा दा, हा चा बा. म्हणजे वर्गातल्या पहिल्याचा तिसरा. हा चा बा का, ते वर आलंच: तो मुळात पा होता. आणि तो पा परत हवा असेल तर खांद्यावर एक छोटा गोल द्यायचा. सा च्या ओळीला रेघा दिल्या की 'जागा', 'जिरं', 'जुना' यांतले ज मिळतात, जागा-जुनातले दातांवरचे आणि जिऱ्यातला टाळूवरचा. तेही आपल्याकडे तयार आहेत. एका दिवसात हा भाग उरकतो.

मात्रा मोजा

इथे घाई करू नका. जपानी वाचनात सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू केलं होतं ना? लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. पुढे जोडाक्षर आलं किंवा डोक्यावर अनुस्वार आला की अक्षर गुरू होतं. जपानी भाषेचा ताल नेमका असाच चालतो, फरक एवढाच की तिथे दुसऱ्या मात्रेसाठी वेगळं अक्षर लिहितात. अनुस्वाराचा 'न्' ही एक मात्रा. जोडाक्षरासाठी छोट्या आकाराचा 'त्सु' लिहितात, तो वाचायचा नाही, पुढचं व्यंजन दुप्पट करायचं. तीही एक मात्रा. आणि स्वर लांबवायला पुढे आणखी एक स्वर. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेला हायकू मूळ जपानीत ५-७-५ मोजतात, तो या मात्रांनीच. बोटांनी टेबलावर टकटक करून 'निप्पोन' म्हणा: नि-प्-पो-न्, चार टकटक.

मात्रा चुकली तर अर्थ बदलतो. 'किते' म्हणजे येऊन, मध्ये छोटा 'त्सु' आला की 'कित्ते', टपालाचं तिकीट. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईंना आजी म्हटलं तर कुठल्याही देशात चालत नाही.

छोटी अक्षरं आणखी तीन आहेत: या, यु, यो. 'कि'च्या पायाशी छोटा 'या' आला की दोघं मिळून 'क्या', 'शि'पाशी आला की 'शा', 'चि'पाशी आला की चहातला 'चा'. मात्रा एकच. आता 'यो' छोटा आहे की मोठा हे डोळ्यांत तेल घालून बघा. 'ब्योओइन' म्हणजे दवाखाना आणि 'बियोओइन' म्हणजे ब्युटी पार्लर. हिरागानात लिहिलं तर दोन्हींची अक्षरं तीच, फक्त 'यो' एकीकडे निम्म्या उंचीचा.

दीर्घ ओ लिहिताना बहुतेक वेळा पुढे 'उ' लिहितात. टोकियो ही चार मात्रांची जागा: लिहायचं तो-उ-क्यो-उ, वाचायचं तो-ओ-क्यो-ओ. तसाच दीर्घ ए साठी 'इ': सेन-से-इ लिहून वाचायचं सेन्सेए. लिहिलेलं आणि बोललेलं थोडं सुटतं याचं वाईट वाटून घेऊ नका. आपण 'घर' लिहितो आणि र चा पाय मोडून म्हणतो, तेही कुणाला लिहून दाखवावं लागत नाही. वाक्याच्या शेवटी येणारा 'देसु' असाच 'देस्' होतो.

तीन अक्षरं फक्त प्रत्यय म्हणून आल्यावर वेगळी वाचतात: 'हा' ला 'वा', 'हे' ला 'ए', आणि 'वो' ला 'ओ'. म्हणून 'कोन्निचिवा'च्या शेवटी 'हा' लिहिलेला असतो. १९४६ साली जपाननं लेखन उच्चाराप्रमाणे सुधारलं, तेव्हा ही तीन जुनी रूपं तेवढी राखली.

काताकाना

हिरागानाचं वळण गोल, काताकानाचं कोनदार. का, ते समजलं की पाठांतर सोपं होतं. दोन्ही लिप्या चिनी अक्षरांतूनच निघाल्या. हिरागाना पूर्ण अक्षर भराभर, झोक्यात लिहिता लिहिता घडली. मोडी हातानं लिहिलेली पाहिली असेल तर हा झोका ओळखीचा वाटेल. काताकाना भिक्षूंनी केली. पोथीच्या ओळींमध्ये जागा थोडी, म्हणून चिनी अक्षराचा एक तुकडाच घेऊन खुणा करायचे. 'काता' म्हणजे अपुरा, तुकडा. दोन्ही लिप्यांतला 'का' शेजारी ठेवून बघा. दोघांचं मूळ एकच, 'भर घालणे' अर्थाचं अक्षर. काताकानात त्याचा फक्त डावा अर्धा भाग राहिला, हिरागानात उजवा भाग आक्रसून एक छोटी रेघ झाला. 'हे', 'रि', 'कि', 'मो' हीही दोन्हीकडे बरीचशी सारखी आहेत. म्हणजे ४६ पैकी काही फुकटच मिळाली.

काताकाना वापरतात ती मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांसाठी आणि परकीय नावांसाठी. त्यामुळे अक्षर वाचता आलं की अर्थ बहुधा लागतोच. 'तेरेबि', 'कोओहिइ', 'होतेरु'. दीर्घ स्वरासाठी इथे नुसती एक आडवी रेघ असते, आणि मजकूर उभा लिहिला की ती रेघही उभी राहते. काही शब्द तर आपले नातेवाईक आहेत. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले आणि १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, त्यांच्याच शब्दाचे हे दोन उच्चार. तंबाखू आणि 'ताबाको' ही जोडी तशीच.

मागच्या वर्षी एका मुलीनं भावानं ओसाकाहून आणलेलं पाकीट वर्गात आणलं. तिला काताकाना येऊन आठवडा झाला होता. पाकिटावर मोठी तीन अक्षरं. तिनं बोट ठेवलं. "का... रे... आणि रेघ. कारेए." एक क्षण थांबली आणि ओरडली, "करी! मॅडम, हा आपला करी मसाला आहे!" त्या दिवसानंतर तिला काताकाना पाठ कर म्हणून सांगावं लागलं नाही.

चार अक्षरं इथे त्रास देतात: 'शि', 'त्सु', 'सो', 'न्'. दुरून सगळी एकसारखी, दोन-तीन तिरक्या रेघा. हाताची दिशा पाहा. 'शि'च्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर उजवीकडे जाते. 'त्सु'च्या छोट्या रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी उभ्या आणि लांब रेघ वरून खाली डावीकडे येते. एक छोटी रेघ कमी केली की 'शि'चा 'न्' होतो आणि 'त्सु'चा 'सो'. सरावासाठी 'शात्सु' लिहा, म्हणजे शर्ट: 'शि', छोटा 'या', 'त्सु'. नंतर 'पासोकोन', म्हणजे घरचा संगणक, त्यात 'सो' आणि 'न्' दोन्ही येतात. हे दोन शब्द पाच दिवस रोज दहादा लिहिले की चारही अक्षरं वेगळी दिसायला लागतात.

मग स्वतःचं नाव लिहा. स्नेहल असेल तर सु-ने-हा-रु, कारण ल नाही. अंजली आ-न्-जा-रि. नागपूर ना-आ-गु-पु-रु. ळ, ण, ठ, ध सगळे गळतात, त्याला इलाज नाही.

फोनवर जपानी कीबोर्ड घालायचा असेल तर रोमन टंकायचा नको, बारा कळींचा घ्या. त्यावर आ, का, सा, ता अशी एकेक ओळ एकेका कळीवर असते. 'का'ची कळ नुसती दाबली की का, बोट डावीकडे सरकवलं तर कि, वर कु, उजवीकडे के, खाली को. बाराखडी हातात असलेल्या माणसाला हे दोन दिवसांत जमतं, आणि बसमध्ये उभ्या उभ्या सराव होतो.

कांजीचा उंबरठा

जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. आकडा ऐकून घाबरू नका. जपानी मूल पहिलीत ८० शिकतं आणि प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६. तुम्ही सुरुवातीला वीस घ्या. एक, दोन, तीन हे आकडे तर तेवढ्याच आडव्या रेघा आहेत. तीन सुळक्यांचा 'डोंगर', तीन उभ्या प्रवाहांची 'नदी', चौकोनी 'तोंड'. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन म्हणजे अरण्य.

एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार असतात याची नवशिक्याला फार धास्ती वाटते. आपण काय करतो ते आठवा. '२' दिसला की दोन वाचतो आणि '२रा' दिसला की दुसरा. एकटं असतं तेव्हा पाणी म्हणतो आणि जोडशब्दात जलप्रवास. पाण्याचं कांजीही तसंच, एकटं आलं की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. पहिला अस्सल जपानी शब्द, दुसरा चीनमधून आलेला. डोंगराचं कांजी एकटं 'यामा' आणि फुजीच्या नावात 'सान'. फुजीसान मधला 'सान' हा आदरार्थी 'सान' नव्हे, तो डोंगर आहे.

मुलांच्या पुस्तकांत कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. सुरुवातीला अशीच पुस्तकं घ्या. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही नाव कांजीबरोबर बहुधा हिरागानात असतं, आणि खाली आधीच्या आणि पुढच्या स्टेशनांची नावं असतात. इंटरनेटवर अशा पाट्यांचे फोटो भरपूर मिळतात. रोज एक पाटी वाचा, रोमन अक्षरं अंगठ्यानं झाकून.

आणि एक पाटी वाचूनच इथे थांबते. जपानी रस्त्यावर वाहन थांबवायचा फलक उलट्या त्रिकोणाचा, लाल असतो. त्यावर तीन पांढरी अक्षरं. पहिलं कांजी, नंतरची दोन हिरागाना: 'मा', 'रे'. शब्द आहे 'तोमारे', थांबा. कांजीनं 'थांबणे' हा अर्थ आणि 'तो' हा उच्चार दिला, आज्ञार्थाचा शेवट हिरागानानं दिला. 'थांब'ला आपण 'आ' जोडून 'थांबा' करतो, तसंच. तक्ता समोर ठेवा आणि तो 'रे' नीट बघा. शेपूट बाहेर उडालेलं आहे.